डब्यातल्या सह्या

नऊ वर्षं मी पुण्यात एका कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे कंपन्यांचे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या व्यावसायिकाच्या, ऑफिसात काम केलं. तिथल्या लोखंडी कपाटात काजूकतलीचा एक रिकामा डबा होता आणि त्यात सह्या ठेवलेल्या असायच्या. पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सहीची टोकनं. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर डायरेक्टरचं नाव आणि त्याखाली बॉलपेनने लिहिलेला पासवर्ड. फॉर्म भरायचा असला की डब्यात हात घालायचा, नाव शोधायचं, टोकन लावायचं. डायरेक्टरला फोन करायची वेळ क्वचितच यायची.

२०१८ मध्ये सरकारने प्रत्येक डायरेक्टरची केवायसी सक्तीची केली. ओटीपी ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर जाऊ लागला आणि डब्यातली नावं पहिल्यांदाच माणसं होऊन ऑफिसात आली. त्यांत एक काका होते, पंचावन्नच्या आसपासचे. पेशाने ड्रायव्हर. कागदोपत्री तीन कंपन्यांचे डायरेक्टर. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले आणि उठता उठता विचारलं, "ताई, मी डायरेक्टर आहे म्हणजे मला करायचं काय असतं?"

मी काहीच बोलले नाही. पुढचा माणूस खुर्चीत येऊन बसला होता.

वर्षभराने ते पुन्हा आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत इन्कम टॅक्सची नोटीस घेऊन. ती इंग्रजीत होती. मुलीने घरी अर्थ सांगितला होता, पण नोटिशीत विचारलेले पैसे कुठले हे तिला तरी कसं कळणार? त्यांची काळजी एकच होती, मुलीच्या शैक्षणिक कर्जात यामुळे खोडा तर येणार नाही ना? त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की आता फॉर्म भरणं पुरे, यावर अभ्यास करायचा. आज मी सार्वजनिक धोरण या विषयात पीएच.डी. करते आहे. दुसरं वर्ष चालू आहे.

कंपनीचा खरा मालक कोण, हे शोधायला आपल्याकडे कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ९० आणि त्याखालचे २०१८ चे नियम, जे २०१९ मध्ये बदलले. दुसऱ्या कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या आडून ज्या व्यक्तीचा हिस्सा १० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिने तसं जाहीर करायचं. मग कंपनीने बेन-२ हा फॉर्म भरायचा. वाचायला सोपं वाटतं, पण गोम आत आहे. मधल्या कंपनीत तुमचा हिस्सा निम्म्याहून जास्त असेल, तरच तिच्यामार्फत आलेले शेअर तुमच्या नावावर मोजले जातात. दोघांनी बरोबर निम्मा-निम्मा हिस्सा घेतला, तर निम्म्याहून जास्त कुणाचाच नाही. ते दोघे संगनमताने वागतात हे दाखवता आलं नाही, तर त्या वाटेने एकही खरा मालक सापडत नाही. असे आराखडे मी स्वतः पेन्सिलीने काढले आहेत.

ब्रिटनने २०१६ पासून खऱ्या मालकांची अशी नोंदवही सगळ्यांसाठी खुली केली, तिथली मर्यादा २५ टक्क्यांची. दोन वर्षांनी ग्लोबल विटनेस या संस्थेने ती तपासली, तेव्हा दोन वर्षांखालच्या वयाचे सुमारे ४,००० 'मालक' निघाले. नोंद घेणाराच तपासत नसेल, तर दुसरं काय होणार! आणि माझं आवडतं संशोधन फिंडली, नील्सन आणि शारमन या तिघांचं. त्यांनी कंपन्या स्थापून देणाऱ्या १८२ देशांतल्या एजंटांना खोट्या नावांनी हजारो ईमेल पाठवले आणि ओळखपत्र कोण मागतो ते पाहिलं. करचुकवेगिरीसाठी बदनाम असलेल्या बेटांवरचे एजंट कागदपत्रं मागत होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतले त्या मानाने बेफिकीर होते. ते वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते, कारण त्या यादीतला एजंट म्हणजे आमच्यासारखंच कुठलं तरी ऑफिस.

पण या सगळ्या अभ्यासांत शोध असतो तो लपलेल्याचा. ज्याच्या नावामागे तो लपतो, त्याच्याबद्दल एखादी ओळ असली तर असते. बेनामी मालमत्तेचा कायदा मात्र त्याला विसरत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसा लावणारा आणि नाव देणारा, दोघांना शिक्षा सारखीच: एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. तिकडे कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये एका फटक्यात तीन लाखांहून अधिक डायरेक्टर अपात्र ठरले. त्यांतल्या किती जणांना आपण डायरेक्टर आहोत हे तरी ठाऊक होतं? माझा प्रबंध याच प्रश्नावर आहे.

सुरुवातीला मला सगळं आकड्यांतच मांडायचं होतं: १० टक्क्यांच्या जरासे खाली किती हिस्से गोळा होतात, वगैरे. माझ्या गाईड मॅडमनी सिनॉप्सिस परत केला. म्हणाल्या, "हे काम एखादा अर्थशास्त्रज्ञ तुझ्यापेक्षा लवकर करेल. डबा तू पाहिला आहेस, तू डब्यापासून सुरू कर." त्यांचं म्हणणं पटायला मला दोन महिने लागले. आता मी मुलाखती घेते. ड्रायव्हर, ऑफिसबॉय, शेठच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका. त्यांतल्या बहुतेकांनी सही विश्वासाने केलेली असते. शेठने मुलाच्या आजारपणात मदत केलेली, सही मागितली, नाही कसं म्हणणार? याला मी निष्काळजीपणा म्हणू शकत नाही, आणि कोणी म्हटलं तर मला राग येतो.

मुलाखतीआधी संमतीपत्र घ्यावं लागतं. विभागाकडून मिळालेला नमुना इंग्रजीत होता. ज्यांनी न वाचता सही केली म्हणून मी त्यांच्याकडे जाते, त्यांच्यापुढे तो कागद ठेवायला माझं मन धजेना. आठ दिवस बसून मी तो मराठीत लिहिला, मोठ्या टाइपात, दीड पानात.

मागच्या महिन्यात काकांना फोन केला. ते आले, पण लगेच सही केली नाही. कागद घरी नेला, मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. दोन दिवसांनी परत आले, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि टोपण उघडण्याआधी म्हणाले, "ताई, याची एक झेरॉक्स माझ्याकडे राहील ना?"