शेजारची चित्रं

फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी संगणकाला ओळखायला शिकवायची, एवढंच डोक्यात होतं. डेटा आयता मिळाला: उत्तर अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने, आरएसएनएने, २०२० साली कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या स्पर्धेसाठी खुला केलेला. शिकवण्यासाठीचे ७,२७९ सीटी स्कॅन, त्यांत १७ लाख ९० हजारांवर चित्रं. घरच्या वायफायवर ते सगळं उतरवायचा बेत दुसऱ्याच दिवशी सोडला आणि दोनशे स्कॅन घेतले.

पहिला स्कॅन उघडला तर आधी हृदय, मग मान, मग यकृत! फाइलींची नावं म्हणजे अक्षरं-आकड्यांची सरमिसळ, तिचा क्रमाशी काही संबंध नाही. खरा क्रम डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा ठरलेला प्रकार) फाइलीच्या आत, 'इमेज पोझिशन पेशंट'मधल्या तिसऱ्या आकड्यात असतो. हे कळायला माझा अख्खा रविवार गेला.

क्रम लागला, तरी गुठळी दिसेना. सगळं राखाडी. वहिनी रेडिऑलॉजिस्ट आहेत, त्यांना लॅपटॉप दाखवला. "भाऊजी, विंडो लावलीच नाहीत?" म्हणाल्या. विंडो म्हणजे राखाडी छटांचा कोणता पट्टा दाखवायचा ते: त्याचा मध्य, लेव्हल, १०० आणि रुंदी, विड्थ, ७००. कॉन्ट्रास्टने, म्हणजे रक्तात सोडलेल्या, सीटीत उजळ दिसणाऱ्या औषधाने, धमन्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि एकीच्या मधोमध राखाडी डाग उठून दिसला. मी तसाच दुसरा डाग उत्साहाने दाखवला. त्यांनी माउसचं चाक खाली-वर फिरवलं. डाग लांबत लांबत हृदयाच्या डाव्या कप्प्याला जाऊन मिळाला. "ही शीर आहे, कॉन्ट्रास्ट अजून पोचलं नाहीये. एका चित्रावर कधी बोलायचं नाही."

मग मीही संगणकाला प्रत्येक चित्राबरोबर त्याच्या वरचं आणि खालचं चित्र दिलं, रंगीत फोटोतल्या लाल-हिरव्या-निळ्या थरांच्या जागी. निकाल इतका झकास आला की मला शंका आली. शंका खरी निघाली: मी चित्रं पत्त्यांसारखी पिसून शिकवायची आणि तपासायची असे दोन ढीग केले होते, त्यामुळे एकाच रुग्णाची लागून असलेली चित्रं दोन्हीकडे गेली होती. म्हणजे पेपर आधीच फुटलेला!

रुग्णांप्रमाणे ढीग पुन्हा पाडले. अचूकतेचा आकडा धाडकन खाली आला. तोच वहीत लिहिला, तारखेसकट.