‘फुटला’ आणि ‘मी फोडला’

दर रविवारी मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर आमच्या चर्चच्या सभागृहात नववी ते बारावीच्या मुलामुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो आणि गेली काही वर्षे तो मी घेत आहे. दृढीकरण संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा विधी, झाला की पुष्कळ मुले हळूहळू यायची थांबतात. दहावीचे क्लास आणि प्रवेशपरीक्षा ही कारणे खरीच आहेत; परंतु मुलांच्या मनातल्या प्रश्नांना आम्ही शिकवणारे हातच घालत नाही, हे त्याहून मोठे कारण आहे असे मला वाटते. म्हणून यंदाच्या, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मी एकच विषय सावकाश घेतला: प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापे सांगून देवाची क्षमा मागणे, मुलांच्या तोंडी असलेले कन्फेशन.

पूर्वी मी त्याच्या तयारीसाठी दहा आज्ञांवर आधारलेली प्रश्नांची छापील यादी वाटत असे. मुले ती पाच मिनिटांत भरत आणि काही जण तर शेजाऱ्याचे पाहून भरत. ती चूक माझी होती, कारण विवेकाची तपासणी मी परीक्षेच्या कागदासारखी करून टाकली होती.

या वेळी आधी मुलांना विचारू दिले. पहिला प्रश्न आला तो असा: “फादर घरी सांगतात का?” मी त्यांना सांगितले की संस्कारात ऐकलेले काहीही धर्मगुरूला कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही, न्यायालयातसुद्धा नाही, आणि ज्याने ते जाणूनबुजून थेट उघड केले त्याला ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्याने बहिष्काराची शिक्षा आहे. वर्गातला ताण त्या एका उत्तराने उतरलेला मला दिसला. आपल्याला ओळखणाऱ्या फादरांपुढे बोलायला संकोच वाटत असेल तर अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणत्याही धर्मगुरूकडे जाता येते, हेही बहुतेकांना ठाऊक नव्हते.

खरी अडचण मात्र भाषेत निघाली. सरावासाठी एक साधा प्रसंग दिला: घरातला काचेचा ग्लास तुमच्या हातून पडला आहे आणि आई विचारते आहे, तर काय सांगाल? सगळ्यांचे उत्तर एकच होते, “ग्लास फुटला.” आपल्या मराठीत ग्लास फुटतो, उशीर होतो, राहून जाते, तोंडातून निघून जाते, करणारा कोठेच सापडत नाही. “माझं चुकलं” या वाक्यातही चुकणारा ‘मी’ नसतो, चूक जणू आपली आपण घडलेली असते. मी फळ्यावर ‘फुटला’ आणि ‘मी फोडला’ हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि दोहोंत काय फरक आहे, यावर अर्धा तास बोलणे चालले. एका मुलीने विचारले की चुकून पडलेल्या ग्लासाला ‘मी फोडला’ म्हणणे खोटे नाही का. तिचे म्हणणे अगदी रास्त होते. त्यावरूनच मला सांगता आले की गंभीर पापासाठी गोष्ट गंभीर असावी लागते, ती तशी आहे याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि ती आपखुशीने केलेली असावी लागते. जे केलेच नाही त्याचा भार मनावर घेऊन झुरणे ख्रिस्तसभा कोणाला शिकवत नाही.

मग आम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडला. त्यातल्या येशूच्या दाखल्यात, बापाची मालमत्ता उडवून बसलेल्या उधळ्या मुलाने घरी निघण्यापूर्वीच आपले बोलणे मनात जुळवून ठेवलेले असते: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका चाकरासारखे ठेवा. प्रत्यक्ष भेटीत तो पहिला भाग बोलतो, परंतु चाकरीचे वाक्य त्याच्या तोंडी येत नाही, कारण त्याआधीच बाप झगा आणि अंगठी आणायला सांगतो. हे मुलांनी स्वतः दोन्ही ठिकाणची वचने ताडून शोधले. मी एवढेच दाखवले की ‘मी पाप केले आहे’ हे मात्र तो पूर्ण बोलला आणि बाप तर त्याआधीच धावत निघाला होता.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पुण्याच्या नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये गेलो. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, १७९२ पासून, तिथे प्रार्थना होत आली आहे, हे ऐकून मुले काही क्षण भिंतींकडे पाहत राहिली. मग एकेक जण रांगेत उभा राहिला. आत काय बोलणे झाले ते मी कोणालाही विचारत नाही.

एका मुलाने मात्र पुढच्या रविवारी आपणहून येऊन सांगितले, आणि त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मित्राच्या मोबाईलचा पडदा त्याच्या हातून तडकला होता आणि महिनाभर तो ‘पडला असेल’ असेच म्हणत होता. क्षमा मिळाली तरी केलेले नुकसान शक्य तितके भरून द्यायचे असते, हे वर्गात झाले होते. मित्राला त्याने सांगून टाकले होते. आता पडद्याचे पैसे खाऊच्या पैशांतून कसे फेडायचे, याचा हिशेब त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडला होता आणि तो बरोबर आहे का, एवढेच त्याला माझ्याकडून पाहून हवे होते.