पालथा दगड

रस्त्याच्या कामावरच्या माणसाला ओळखीचे दगड दोनच. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा आणि हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा. बाकी सगळे आमच्या मापपुस्तिकेत खोदाईच्या रकान्यात जातात. रायगड जिल्ह्यातल्या एका गावात रुंदीकरणावर साइट इंजिनीअर होतो, तेव्हा असाच एक दगड मी त्या रकान्यात घालणार होतो.

एका घरासमोरच्या गटारावर तो फरशी म्हणून टाकलेला होता. साधारण पाच फूट लांब, एका टोकाला कमानीसारखा गोल. वरची बाजू पायांनी आणि धुण्याने गुळगुळीत झालेली. जेसीबीवाल्याने बकेटचा दात खाली घातला, तेवढ्यात ओट्यावरच्या आजी ओरडल्या, "नको रे पोरा, तो पालथाच बरा!" मला वाटलं, धुण्याच्या दगडावर जीव असेल. "आजी, नवीन फरशी टाकून देतो," म्हटलं आणि ऑपरेटरला हात केला.

दगड उलटला. चिखल ओघळला तसे वर चंद्र-सूर्य दिसले, मध्ये कलश. खाली सात-आठ ओळी अक्षरं, बरीच झिजलेली. मुकादमाने उत्साहाने बाटलीतलं पाणी तळाशी ओतलं आणि एकदम गप्प झाला. तळाच्या चौकटीत एक बाई आणि एक गाढव होतं. काय चाललं होतं ते लिहीत नाही. गावातल्या पोरांना सांगावं लागलं नाही. मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या दोघी तोंडावर पदर घेऊन झपाझप पुढे गेल्या. आजी आत निघून गेल्या.

इतिहासाचं वेड असलेल्या एका मित्राला फोटो पाठवला. त्याचा फोन मिनिटभरात. "गधेगळ आहे ती. जेसीबी बंद कर. अक्षरांत खडू भरू नको, पीठ फासू नको, ब्रश तर लावूच नको. अभ्यासक येऊन ओल्या कागदावर ठसा घेतील." मग फोनवरच शिकवणी झाली. कोकणावर शिलाहार घराण्याचं राज्य होतं त्या काळात राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली, की असा दगड उभा करायचे. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात असेपर्यंत दान चालायचं. आणि जो ते मोडेल, त्याच्या आईवर ही शिवी. अक्षर न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रातच कोरलेली. परळला अपरादित्य शिलाहाराचा असाच लेख सापडला, इ.स. ११८७चा, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात बाकी मजकूर संस्कृत आणि शिवी तेवढी मराठीत! हे ऐकून मला, का कोण जाणे, जरा अभिमानच वाटला.

अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखासमोरून मी महिनाभर रोज मोटारसायकलवरून गेलो होतो. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा. मी तिथे थांबलो होतो फक्त एकदा, तेही पंक्चर काढायला.

दुपारपर्यंत ओट्यासमोर अर्धा गाव जमला. मित्राने सांगितलेलं मी जरा सभ्य करून सांगितलं. ज्यांची पडवी रुंदीकरणात जाणार होती ते काका हातात भूसंपादनाची नोटीस घेऊनच उभे होते. म्हणाले, "म्हणजे साहेब, हा आमचा जुना सातबारा. आणि जमीन घेणाऱ्याला काय होतं, ते खाली काढलंय." सगळे हसले. मीही हसलो, पण नकाशाची गुंडाळी नकळत पाठीमागे गेली होती.

तहसील कार्यालयात कळवलं. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. हा दगड पुरलेला म्हणायचा की टाकलेला, यावर बराच खल झाला. शेवटी तलाठी आले आणि पंचनामा झाला. तळाच्या चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं, आजींच्या दाराकडे पाहिलं आणि लिहिलं, "खालील भागात प्राण्याचे चित्र आहे." पंचांनी निमूट सह्या केल्या.

संध्याकाळी आजी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी दगड मुद्दाम पालथा घातला होता, घरात सुना आल्या म्हणून. "वर चंद्र-सूर्य हायेत, ते ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "पन पाय तर पाठीवरच पडत होते ना."

मी गटाराची रेषा दीड फूट सरकवली. बिलात त्याचं कारण 'स्थानिक अडथळा' असं लिहिलं. दगड पट्ट्याने उचलून शेवग्याच्या बुंध्याशी उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कोणीतरी रातोरात आमच्याच ढिगातला मुरूम आणून त्याच्या पायाशी घातला होता. नीट चोपूनही घेतला होता. चंद्र, सूर्य, कलश, ओळी, सगळं उघडं. मुरूम बरोबर गाढवाच्या कानांपर्यंत.