दुभाष्याने सांगितलेला एक शब्द

कॅलिफोर्नियातल्या एका मिडल स्कूलमध्ये मी मानसशास्त्रज्ञ आहे. परवाची एक केस अजून डोक्यातून जात नाही.

मुलगा बारा वर्षांचा. गणिताच्या परीक्षेआधी पोटात दुखतं, उलटी होते. डॉक्टरांना काही सापडलेलं नाही. आई मूळची चीनची, इंग्रजी जेमतेम. म्हणून टेबलावर स्पीकरफोन आणि पलीकडे मँडरिनचा दुभाषी. अशा वेळी आईकडे बघून बोलायचं असतं, फोनकडे नाही, आणि दोन वाक्यं झाली की थांबायचं. दुभाषी ‘मी’ म्हणतो तो आईचा ‘मी’. आमच्यातले निम्मे लोक फोनशीच बोलतात आणि आई बिचारी भिंतीकडे बघत बसते. याचा मला फार राग येतो.

मुलाशी कसं वागता याची प्रश्नावली तिने आधीच भरून दिली होती. ‘मुलाचं कौतुक करते’: कधीच नाही. ‘निर्णय त्याच्यावर सोपवते’: कधीच नाही. सरासरी ५० असते. जिव्हाळ्याचा स्कोअर ३१ आला.

“अभ्यासाच्या वेळी तुम्ही काय करता?”

फोनमधून आलं, “मी त्याला कंट्रोल करते. माझं कामच आहे ते.”

सहकारिणीने ‘कंट्रोलिंग’ लिहून खाली रेघ ओढली. पण बोलताना आईचे डोळे भरून आले होते. मी दुभाष्याला मूळ शब्द विचारला. म्हणाला, “ग्वान.”

हा शब्द मी शिकताना वाचला होता, रूथ चाओ यांच्या १९९४ च्या शोधनिबंधात. ग्वान म्हणजे ताबा ठेवणं, आणि काळजी वाहणं, माया करणंही. आपल्या ‘वळण लावणं’च्या जवळचा. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात इथेच, बर्कलीत, पालकांचे प्रकार पाडले ते मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांवरून. त्या चौकटीत ही आई नुसती ‘कडक’ ठरते.

मग मी तिला घरचा दिवस विचारला. रात्रपाळीहून आल्यावर ती सफरचंद सोलते, फोडी काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवते आणि डब्यात भरते. संध्याकाळी दीड तास मुलाशेजारी बसते, समोर स्वयंपाकघरातला टायमर लावून. इंग्रजीतली गणितं तिला वाचता येत नाहीत, तरी बसते. “ग्वान केलं नाही तर त्याला वाटेल, आईला माझं काहीच नाही.”

त्याच सकाळी एक अमेरिकन जोडपं येऊन गेलं होतं. मुलगी रात्री दोनपर्यंत फोनवर असते, वर्गात झोपते. “तिचं तिला कळेल,” वडील म्हणाले. त्यांचा जिव्हाळ्याचा स्कोअर उत्तम होता, आणि आमच्या टीममध्ये कुणालाच त्या मुलीची काळजी वाटली नाही. हे मला पटलेलं नाही.

तरी ‘ग्वान’ कळलं म्हणून मुलाचं पोट दुखायचं थांबत नाही. सू यंग किम यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये आला. त्यात कठोर घरांतल्या मुलांचे गुण कमी आणि उदासी जास्त दिसली, आधार देणाऱ्या घरांतली मुलं सर्वांत बरी. म्हणजे सहकारिणीची रेघ अगदीच चुकीची नव्हती, आणि मी तिच्यावर मनातून चिडले होते.

दुपारी मुलाला एकट्याला भेटले. विचारलं, “आई शेजारी बसली नाही तर बरं वाटेल का?”

त्याने जोरात मान हलवली. “नको. ती बसू दे. टायमर तेवढा काढायला सांगा.”

रिपोर्टमध्ये हे त्याच्याच शब्दांत घातलंय. ‘कंट्रोलिंग’ खोडून तिथे काय लिहायचं, ते अजून ठरत नाहीये. शुक्रवारी सही करायची आहे.