खोडीसकट

जुन्या गाडीचं दार कधी सरळ लागत नाही. आधी हलकेच वर उचलायचं आणि मग आत दाबायचं. पाहुणा बसला की तो दाणकन आपटतो, दार तसंच अर्धवट उघडं, आणि मालक पुढच्या सीटवरून वळून म्हणतो, "थांबा, तुम्हाला नाही जमायचं." या बोलण्यात कौतुक भरून असतं. खरं पाहता बिजागरीची पिन झिजलेली असते, दार आपल्या वजनानं दोन-तीन मिलिमीटर खाली उतरलेलं असतं आणि कडी खाचेत बसत नसते. पिन-बुश बदलले की तासाभरात दार सरळ होतं. पण मालक ते करत नाही. त्याच्या लेखी तो बिघाड नसून खोड असते, आणि खोड घरच्या माणसाची असते.

अशा दहा-बारा खोडी प्रत्येक जुन्या गाडीत असतात. डावीकडची काच वर करताना तळहातानं बाहेरून आधार द्यावा लागतो. सकाळी इंजिन गार असताना दुसरा गिअर कुरकुरतो, म्हणून पहिल्यावरून थेट जायचं नाही, क्लच एकदा सोडून पुन्हा दाबायचा. हॉर्न स्टेअरिंगच्या उजव्या कोपऱ्यावर दाबला तरच वाजतो. हे सगळं मालकाच्या हाताला इतकं पाठ असतं की गाडी नीट चालते असंच त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं. सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीतून ती तो डोळे मिटून काढेल, असं म्हणतात; मिटू नयेत, एवढंच.

आणि मग एक दिवस विम्याची पावती शोधताना आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, हाताला लागते. मागच्या बाजूला तारीख असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तारीख दोन महिन्यांवर आलेली असते.

इथं पहिली घबराट होते ती अर्धवट ऐकीव माहितीनं. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, असं चहाच्या टपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा वाद दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशाचा. एमएच १३ ची, म्हणजे सोलापूरची गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला न्यायची, पास झाली की नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढते. मग पुन्हा पासिंग. फॉर्म २५, तोही मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरायचा. फी मात्र आता बोचते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली गेली. उशीर केला तर दर महिन्याला आणखी ५०० चढतात. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपलेल्या आरसीवर गाडी फिरवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं नोंदणी नसलेली गाडी फिरवणं, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण.

पासिंगची खरी अडचण फीची नाही. त्या दिवशी गाडीत परका माणूस बसतो. हॉर्नच्या मधोमध तो अंगठा दाबतो. दार तो सरळ ओढतो. पंधरा वर्षांत आपण ज्या ज्या गोष्टींना खोड म्हणून माफ केलं, त्या सगळ्या त्याच्या कागदावर दोष म्हणून उतरतात. म्हणून पासिंगच्या पंधरा दिवस आधी गाडी अशा माणसाच्या हाती द्यावी ज्यानं ती कधी चालवलेली नाही. मेहुणा असेल तर उत्तम. तो बोलतोच.

पहिलं काम चासी नंबरचं. हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. मारुतीचा असेल तर सुरुवात एमए३ नं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनमागच्या उभ्या पत्र्यावर ठोकलेला सापडतो. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून काळा थर बसलेला असतो. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं आणि जुन्या टूथब्रशनं तो सोडवायचा. घाईत कुणी सँडपेपर हातात घेतो, तिथं चुकतो. घासल्याच्या ओरखड्यांमुळे नंबरशी छेडछाड झाल्यासारखं दिसतं आणि मग साध्या कामाची चौकशी होते. पत्रा कोरडा झाला की वर पातळ कागद धरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं, नंबर उमटतो. ही छाप आरसीशी एकेक अक्षर लावून बघावी. चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे आरसीवर कुठं 'ओ' दिसला तर तो शून्य आहे आणि कधीकाळी कारकुनाच्या हातून चुकलेला आहे. ही दुरुस्ती पासिंगच्या रांगेत होत नाही, आधी करून घ्यावी लागते. बँकेच्या कर्जाचंही तसंच. हप्ते फिटून दहा वर्षं झाली, पेढे वाटून झाले, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ते निघत नाही.

यापुढचं सगळं सोलापूरच्या उन्हाशी निगडित आहे. या गावात गाडी गंजून कमी मरते. रत्नागिरीची दहा वर्षांची गाडी आणि सोलापूरची वीस वर्षांची गाडी शेजारी उभ्या करून खालून बघा, पत्रा आपलाच सरस निघेल. पाऊस कमी, हवा कोरडी. गंज धरतो तो लपलेल्या जागी: दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं बुजतात आणि पावसाळ्यात दारात पाणी साठतं. झाडूची काडी घेऊन ती मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. बॅटरीखालचा ट्रे आणि पायाखालच्या मॅटच्या खालचा पत्रा, हेही बघावं. कुठं पुट्टी भरून रंग मारलाय अशी शंका आली तर फ्रिजवरचं साधं लोहचुंबक फिरवावं. चिकटत नाही तिथं पुट्टीच जास्त.

मारतं ते ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की बाहेर उभ्या गाडीचं रबर आधी हार मानतं. वायपरचं रबर लाकडासारखं होतं, काचेची बीडिंग तडकते, रेडिएटरचा होज बोटानं दाबला की कुरकुर आवाज येतो. टायरची नक्षी शाबूत असते, कारण गाडी चालतेच किती, पण बाजूच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी, खाचेतल्या उंचवट्याशी ती समपातळीत आली की टायर संपला. पण भेगा पडलेला टायर खोली असूनही संपलेलाच धरावा. "मालक, इंजिन झकास हाय, पण टायर बघा की," असं मेस्त्री सांगतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. पुण्याच्या रस्त्याला ऐन उन्हात, ऐंशीच्या वेगात फुटतो तो हाच टायर.

हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडते, तशी उजेडाची धार बोथट होते. बारीक पॉलिशनं ती बरीचशी उजळते. मालक मात्र उजेड कमी म्हणून हॅलोजनच्या जागी बाजारातला पांढराफेक एलईडी बसवतो. मूळचा परावर्तक एच-४ बल्बच्या ६०/५५ वॉटच्या तारेसाठी घडवलेला असतो, एलईडीचा उजेड त्यात फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डिपरचा उजेड आठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना दिपवता कामा नये, असा नियम आहे. पासिंगआधी मूळ बल्ब परत बसवा आणि रात्री भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावून बघा: बल्बच्या उंचीपेक्षा उजेडाची कड खाली पडली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी.

काळ्या फिल्मबद्दल बोलणं सोलापुरात जरा जिवावर येतं. पण नियम पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यावा असा आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. हेअर ड्रायरनं गरम करून कोपऱ्यापासून सावकाश सोलायची. मागच्या काचेवर ब्लेड चालवू नये, तिथं डिफॉगरच्या तारा असतात. गॅसचं किट बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आहे का आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालीय का, हे बघावं. चारसुरी हॉर्न काढून टाकावा, कितीही हौसेनं बसवला असला तरी. नव्या पद्धतीची नंबरप्लेट नसेल तर ती आधी.

पीयूसीला जुनी गाडी नापास होते ती बहुतेकदा गार असते म्हणून. घराशेजारच्या केंद्रावर दोन मिनिटांत नेली की सायलेन्सरमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेलाच नसतो, आणि तो तापल्याशिवाय काम करत नाही. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, पुणे रस्त्यानं बाळ्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या नियमांचे टप्पे: बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं, बीएस-४ ला ०.३ आणि २००. पहिला आकडा जास्त आला तर एअर फिल्टर चोंदलेला किंवा मिश्रण घट्ट. दुसरा जास्त आला तर एखादा प्लग मिसफायर करतोय किंवा इंजिन ऑइल खातंय. शेवटचं असेल तर मेस्त्री पिस्टन रिंगचं नाव काढतो, आणि तिथून हिशेब सुरू होतो.

हिशेब असा: फी, कर, टायर, हँडब्रेकची ताणलेली केबल, मागच्या ड्रममधला गळका व्हील सिलिंडर, रेडिएटर. रेडिएटरचं दुखणं आपल्या बोअरच्या जड पाण्याचं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं तेच ओतलं की आतल्या बारीक नळ्यांत किटलीच्या बुडाशी बसतो तसा पांढरा क्षार बसतो आणि गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उकळते. या सगळ्याची बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली की समजूतदार माणूस थांबतो. बेशिस्त माणूस मात्र इंजिन उघडतो. दोघांनाही नावं ठेवण्यात अर्थ नाही.

विकायची ठरली तर टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकीबदलाच्या अर्जावर, नुसत्या सह्या करून, हात जोडून मोकळं होऊ नये. फॉर्म २९ आणि ३० भरून, तारीख घालून, विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. मधल्या विक्र्यांचे साधे कागद तिथं कामाचे नाहीत. गिऱ्हाईक विजापूर किंवा कलबुर्गीकडचं असेल, आणि सोलापुरात ते असतंच, तर दुसऱ्या राज्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी लागते. फास्टॅग बँकेला सांगून बंद करावा, नाहीतर विजापूरकडच्या इंडीच्या रस्त्याचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो. आणि खोडी सांगाव्यात. एका कागदावर लिहून द्याव्यात. दुसऱ्या गिअरची तर नक्कीच, नाहीतर नवा मालक महिनाभरात गिअरबॉक्स खोलून बसेल.

भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नको. तो पैसे रोख देतो, पण आरटीओच्या दप्तरी नंबर जिवंत राहतो. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र मिळतं; त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि करात सवलत मिळू शकते, खासगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत, राज्यानं ठरवलं असेल तितकी. गाडी मात्र वजनावर जाते. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलो, त्यातून काच, रबर, फोम वजा.

द्यायच्या आदल्या दिवशी ग्लोव्ह बॉक्स रिकामा करावा लागतो. दसऱ्याच्या झेंडूचा चुरा, अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतला प्लास्टिकचा मोर, फास्टॅगच्या आधीच्या टोलच्या पुसट पावत्या. फोटो आणि मोर घरी येतात. पावत्या टाकून द्यायच्या म्हणून काढल्या जातात आणि ड्रॉवरमध्ये जातात.

केंद्रात आधी बॅटरी निघते, मग ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस, पेट्रोल. मग चासी नंबर ठोकलेला तेवढा पत्रा कापून बाजूला ठेवतात. तो तुकडा सहा महिने जपून ठेवायचा असतो. आपण रॉकेलनं घासलेला तोच. मग दारं. बिजागरीचे बोल्ट ढिले करताना दाराचा भार त्यावर राहू नये म्हणून कामगार एक हात खाली घालतो आणि दार आधी हलकेच वर उचलतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं.