माझ्या अप्पांनी शाळेत घेतलेला तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे म्हणून सरांचा फोन आला तेव्हा मी दुकानात मशीनवर बसलेलो होतो, आणि पहिलं जे आठवलं ते वर्ग नाही, मैदान नाही, दहावीचा निकाल पण नाही, आठवलं ते चिंध्यांचं पोतं.

आमची बॅच दहावी 2014 ची, म्हणजे हे सगळं नववीतलं, 2012-13 चं. ते वर्ष कसं होतं हे अंबडच्याच काय, सगळ्या जालना जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. जायकवाडी तळाला गेलेलं, विहिरी कोरड्या, आणि पोटच्या लेकरासारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळायला लागलेल्या, काही लोकांनी तर शेवटी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली. आमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी बागा होत्या. टँकर आला की पोरं तासातून उठून जायची, सर कुणाला काही म्हणायचे नाहीत.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला एका पोराच्या शेतातला थोडा झेंडू आला होता, तोच त्या वर्षीचा शेवटचा. गॅदरिंगची तारीख ठरली तेव्हा फुलांचा विषय निघाला, स्टेजला माळा लागतात, पाहुण्यांना गुच्छ लागतात, सरस्वतीच्या फोटोला हार लागतो, आणि बाहेरून येणाऱ्या फुलांचा भाव ऐकूनच सगळे गप्प झाले. कुणीतरी म्हणालं प्लॅस्टिकची आणू. तर कार्यानुभवाच्या बाई म्हणाल्या, नको, आपण करू, कापडाची करू, आणि सुईदोरा न लावता करू.

सुई का नको याचं कारण अगदी साधं होतं. वर्गात पन्नासच्या वर पोरं आणि शाळेच्या पेटीत सुया सात-आठ, त्यात दोन गंजलेल्या. निम्मा तास दोरा ओवण्यातच जायचा. शिवाय बाईंना पाचवीच्या लेकरांपासून सगळ्यांचा हात त्या फुलांना लागायला हवा होता. मग बाईंनी विचारलं, कापड कुठून आणायचं, आणि सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

अप्पांचं लेडीज टेलरचं दुकान. कटिंग झालं की खाली जे पडतं ते पोत्यात भरून ठेवायचं, पोतं भरलं की गॅरेजवाले हात पुसायला घेऊन जायचे, कधी उशा भरणारा न्यायचा. मला वर्गात काही पोरं चिंधी म्हणायची. त्यामुळं ते पोतं खांद्यावर घेऊन शाळेच्या गेटातून आत यायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा आला होता, मी मुद्दाम प्रार्थनेच्या आधी, कुणी नसताना आणून ठेवलं. पण बाईंनी ते पोतं वर्गाच्या मधोमध सतरंजीवर ओतलं ना, तेव्हा मी स्वतः पहिल्यांदा ते नीट बघितलं. सॅटिन, टू बाय टू, रुबिया, खणाचे तुकडे, जरीच्या काठाची कडा, नेटचे जाळीदार तुकडे, एक मोरपंखी रंग तर असा होता की पोरी त्याच्यावर तुटूनच पडल्या.

बाईंनी आधी फुलं नाही शिकवली, आधी कापड ओळखायला शिकवलं. रुंद डब्यात वाळू, वाळूत मेणबत्ती खोचलेली, शेजारी वाटीभर पाणी. सुताचा तुकडा ज्योतीला धरला की भुर्रकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटावर घेतली तर मऊ. सॅटिनचा तुकडा मात्र जळायच्या आधी आकसतो, वितळतो, कडेला काळा टणक मणी होतो. टेरिकॉट दोन्हीच्या मधलं, कारण त्यात सूत पण असतं आणि पॉलिस्टर पण. ज्याची कडा वितळते ते कापड मेणबत्तीला, ज्याची राख होते ते खळीला, असे दोन ढीग झाले. मी टेलरचा पोरगा, रोज कापडात वाढलेलो, पण हे मला माहीत नव्हतं. एकाच्या बोटाला वितळलेल्या सॅटिनचा थेंब चिकटला, तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटूनच राहतो, बोट लगेच वाटीत बुडवलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मेणबत्तीपाशी बाई स्वतः बसायच्या, आणि छोट्या वर्गांना फक्त कापायचं आणि चिकटवायचं काम. वाटीतलं पाणी पण शेवटी फेकलं नाही, झाडाला घातलं. तेव्हा तसंच होतं सगळं.

सॅटिनचं फूल असं की पाच गोल कापायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लहान, अगदी वाटी ठेवून कापल्यासारखे नेमके नाही, जरा वाकडेच बरे दिसतात. प्रत्येक गोलाला कडेकडून मधल्या दिशेनं चार-पाच चिरा द्यायच्या, मध्यापर्यंत न्यायच्या नाहीत. मग ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, गोल फिरवत धरायचा. तेवढ्या उष्णतेनं कडा आत वळते आणि पाकळी आपोआप कपासारखी होते, दशा पण बंद. मोठ्यावर लहान, मोठ्यावर लहान असं चिकटवत गेलं की मधे एक मणी. जवळ धरलं की कडेला काळी रेघ येते, ती पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच आली.

दुसरा प्रकार घडीचा, तो मला सगळ्यात आवडला. अडीच इंचाचा चौकोन, कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण, त्या त्रिकोणाचा अर्धा, पुन्हा अर्धा. आता हातात एक टोकदार पाकळी असते पण सोडली की उलगडते. म्हणून ती चिमट्यात घट्ट धरायची, खालची शेपटी कात्रीनं उडवायची आणि तेवढीच कापलेली कडा ज्योतीला दाखवायची, की सगळे पदर एकमेकांत वितळून बसतात, ना सुई ना फेविकॉल. चिमटा सोडला आणि पाकळी तशीच राहिली की पोरांच्या तोंडातून जो आवाज निघायचा तो मला अजून ऐकू येतो. पुढं खूप वर्षांनी मोबाईलवर बघताना कळलं की जपानमध्ये किमोनो घातल्यावर केसात खोवायची फुलं अशीच चौकोनाच्या घड्या घालून करतात, त्सुमामी कान्झाशी म्हणतात त्याला, ती रेशमाची असतात आणि तांदळाच्या खळीनं चिकटवतात, टोकियोत 1982 मध्ये त्या कलेला पारंपरिक हस्तकला म्हणून सरकारी मान्यता पण मिळाली. तांदळाची खळ वाचलं आणि मला डायरेक्ट आमची मैद्याची खळ आठवली. कारण फेविकॉल पातळ कापडातून वर येतो, डाग पडतो, शिवाय एवढ्या फुलांना डबे किती आणणार. ग्लू गन एका मुलीनं आणली होती पण लोडशेडिंगमध्ये ती तशीच पडून असायची. मग बाई घरून मैद्याची खळ शिजवून आणायच्या, झुरळं-उंदीर लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि मोरचूद विषारी म्हणून खळ काडीनंच लावायची, बोट घालायचं नाही, हा नियम.

सगळं छान चाललं होतं ते सुती गुलाबांपाशी अडलं. लांब पट्टी घ्यायची, उभी दुमडायची, एका टोकाला गाठ मारायची, ती गाठ म्हणजे गुलाबाची कळी, मग तिच्याभोवती पट्टी गुंडाळत जायचं आणि प्रत्येक वेढ्याला एक पीळ बाहेरच्या बाजूला. आमचे गुलाब गुंडाळताना बरे दिसायचे आणि दुसऱ्या दिवशी दशा सुटून पार फकीर व्हायचे, पट्टी ताठ राहायची, पीळ बसायचा नाही. तीस-चाळीस गुलाब असे वाया गेले.

आणि त्यातच माझ्या हातून एक चूक झाली. पोतं संपत आलं होतं म्हणून मी दुकानातून घाईत अजून एक गठ्ठा उचलला, त्यात एका गिऱ्हाईकाचा न शिवलेला जांभळा सॅटिन पीस होता. अप्पा तो शोधत शोधत भर दुपारी शाळेत आले. मी खिडकीतून त्यांना येताना बघितलं तेव्हा तो पीस माझ्याच समोर अर्धा चौकोनात कापलेला पडला होता.

अप्पा दारात चपला काढून उभे राहिले. त्यांनी तो पीस बघितला, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी पदरचे पैसे घालून गिऱ्हाईकाला नवीन पीस आणून दिला, मला त्यावरून एक शब्द कधी बोलले नाहीत. पण त्या वेळी त्यांची नजर त्या फाटक्या गुलाबांवर गेली. एक उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "बाई, हे उभ्या धाग्यात कापायलेत का?"

बाई म्हणाल्या, "हो, सरळ पट्टी कापतोय. का हो?"

"उरेब कापा की. दशा निघनारच नाहीत."

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आत या ना तुम्ही, मुलांना दाखवा."

माझे अप्पा चौथीतून शाळा सुटलेला माणूस. पालक सभेला पण मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. ते फळ्यापाशी गेले, खिशातून कापडावर खूण करायचा चपटा खडू काढला, फळ्यावर चौकोन काढायला गेले तर तो खडू फळ्यावर उमटेचना. बाईंनी शाळेचा खडू दिला. मग त्यांनी मोठा चौकोन काढला, आत उभ्या रेघा, आडव्या रेघा, आणि त्यातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. "लेकराहो, कापडाला उभा धागा असतो न् आडवा असतो. धाग्याच्या कडेकडेनं कापलं की शेवटचा धागा मोकळा होतो, तोच निघतो. तिरकं कापलं तर कुठलाच धागा पूरा मोकळा होत नाही, एकमेकाला धरून राहतात. आन् तिरकं कापड ताणतं, वळतं. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावतात ना, ती उरेबच असते, म्हणून तर गोल बसते."

आणि मग खाली सतरंजीवर बसून त्यांनी दोन इंच रुंद, वीसेक इंच लांब उरेब पट्टी एका कात्रीत कापली, गाठ मारली, गुंडाळली, अर्ध्या अर्ध्या वेढ्याला खळीचं बोट नाही, काडी, बाईंचा नियम त्यांनी आल्या आल्या पाळला, शेवटचं टोक खाली दडवलं, मागे गोल ठिगळ चिकटवलं. मोजून दोन-तीन मिनिटं. गुलाब असा बसला की वर्ग गप्प. पोरं त्यांना "काका अजून एक, काका इकडं या" करत होती, ज्यांनी मला चिंधी म्हटलं होतं ते पण त्यात होते. दुकानाची वेळ झाली तरी अप्पा उठले नाहीत. घंटा झाली.

गॅदरिंगला स्टेजवर तीन माळा, पाहुण्यांना गुच्छ, सगळं त्या पोत्यातलं. पाहुण्यांनी गुच्छ नाकाला लावला आणि मग हातात फिरवून बघत राहिले, एवढं आठवतं. भाषणं कुणाची झाली ते आठवत नाही.

आज मी त्याच दुकानात बसतो. महालक्ष्म्या जवळ आल्या की सजावटीच्या फुलांच्या, तोरणांच्या ऑर्डरी इतक्या येतात की आम्ही सगळं घर रात्री जागून करतो, माझी बायको घडीच्या पाकळ्या माझ्यापेक्षा झपाट्यानं करते. आता पोतं गॅरेजला जात नाही. मेणबत्तीऐवजी गरम टोकाचं मशीन आलंय, पण मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी मेणबत्तीच देतो, कापड कळतं.

महोत्सवाच्या सजावटीसाठी मी तीन पोती बाजूला काढून ठेवलीत, सॅटिन वेगळं, सुती वेगळं, जरीचं वेगळं. आदल्या दिवशी दुपारी जमेल त्यानं आपल्या जुन्या नववीच्या वर्गात यावं. वाळूचे डबे, मेणबत्त्या आणि खळ माझ्याकडे. बाई येतो म्हणाल्यात. अप्पा पण येणार आहेत, त्यांना आता खाली बसवत नाही म्हणून फळ्याजवळ एक खुर्ची ठेवा. कात्र्या ज्यानं त्यानं घरून आणा.