कुठे गेले ३३० वॅट?

"मॅडम, झोपला का तुमचा रेडिओ?"

"झोपला."

"मग मीटर का जागा आहे?"

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोबाइल टॉवरखालच्या शेल्टरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोलीत, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि साइटचे टेक्निशियन दादा विजेच्या मीटरवर टॉर्च धरून उभे होते. पीएचडीचं तिसरं वर्ष सुरू होतं, आणि तोवर माझं सगळं नेटवर्क सिम्युलेशनमध्येच नांदत होतं. खऱ्या साइटवरची ही पहिलीच चाचणी. परवानगी मिळवायला किती महिने गेले ते सांगत बसत नाही.

विषय थोडक्यात असा: मोबाइल नेटवर्कची बहुतेक वीज बेस स्टेशनं, म्हणजे टॉवरवरचे सिग्नल पाठवणारे रेडिओ आणि त्यांची यंत्रणा खाते, आणि रात्री कुणी फोन वापरत नसलं तरी त्यांची भूक फारशी कमी होत नाही. फोरजीमध्ये तर रिकाम्या सेललाही (एका रेडिओच्या टापूत कुणी फोन वापरत नसलं तरी) दर मिलिसेकंदाला संदर्भ-सिग्नल पाठवत राहावं लागतं. वाजवणारा थांबतच नाही, मग ऐकायला कुणी असो वा नसो. (फाइव्हजीमध्ये हे सुधारलंय, तिथे ओळख-सिग्नलांमधलं अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत ताणता येतं.) माझा अल्गोरिदम रात्री गर्दी ओसरली की जास्त क्षमतेचा कॅरियर (रेडिओ वापरतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) झोपवतो आणि उरलेसुरले ग्राहक खालच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडवर सरकवतो.

किती वीज वाचेल, याचं गणित मी 'अर्थ' या युरोपीय प्रकल्पाच्या मॉडेलवरून मांडलं होतं. या क्षेत्रातल्या बऱ्याच प्रबंधांना त्याचाच आधार असतो. मोठ्या बेस स्टेशनचा एक ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) काहीही न पाठवता १३० वॅट घेतो, झोपला की ७५. आमच्या साइटला तीन सेक्टर, म्हणजे तीन दिशा, प्रत्येकी दोन ट्रान्सीव्हर. म्हणजे ७८० वरून ४५०. घट ३३० वॅट. वहीत हा आकडा मी चौकटीत लिहून ठेवला होता.

रेडिओच्या सॉफ्टवेअरमधला वीजवापराचा काउंटर खाली आला होता. रेडिओकडे जाणाऱ्या डीसी केबलवर दादांनी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला, तोही पाच-साडेपाच अँपिअरने उतरलेला. म्हणजे रेडिओ खरोखर झोपला होता. पण बाहेरून येणारी वीज मोजणारा मीटर जिथल्या तिथे. मी सॉफ्टवेअर तपासलं, कॅरियर पुन्हा उठवला, पुन्हा झोपवला. मीटर ढिम्म.

दादांनी काही न बोलता क्लॅम्प मीटर काढला आणि बॅटरीच्या केबलवर लावला. मग मला म्हणाले, "आता उठवा." मी कॅरियर उठवला, तसा बॅटरीत जाणारा प्रवाह कमी झाला. "आता झोपवा." तो जवळपास तेवढाच वाढला.

"संध्याकाळी चार तास लाइट नव्हती," ते म्हणाले. "बॅटऱ्या पार उतरल्यात. त्यात तीनपैकी एक रेक्टिफायर मॉड्यूल गेलंय, दोघंच फुल्ल लोडवर चालतायत. तुमच्या रेडिओनं सोडली की ती वीज बॅटरी उचलते. बाहेरून येणारी कशी कमी होणार?"

रेक्टिफायर म्हणजे बाहेरून आलेली वीज रेडिओ आणि बॅटरीला चालेल अशी करून देणारं यंत्र. ते सांगत होते आणि मी वहीतल्या त्या चौकटीकडे बघत होते. माझ्या मॉडेलमध्ये बॅटरी नव्हतीच. वीज खांबावरून येते आणि रेडिओत जाते, एवढंच त्याला ठाऊक. खरं तर वीज वाया गेली नव्हती, बॅटरी तेवढी लवकर भरणार होती. पण आम्ही एकच रात्र मोजून निघून गेलो असतो, तर अहवालात 'बचत शून्य' लागलं असतं. आणि काउंटरवर विश्वास ठेवला असता तर 'बचत पूर्ण'. दोन्ही खोटं.

चारनंतर चार्जिंगचा प्रवाह उतरू लागला आणि मीटर अखेर हलला. मी आनंदाने वाचन टिपू लागले, तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि आलेख सरळ वर. त्या एका धक्क्यापुढे माझी ३३० वॅटची घट कुठल्या कुठे दिसेनाशी झाली. मॉडेल थंडाव्याचा खर्च १० टक्के असा सरसकट धरतं, जणू रेडिओचं काम कमी झालं की एसीही त्याच हिशेबात मवाळ होतो. थर्मोस्टॅटला असली गणितं कळत नाहीत. तो खोलीचं तापमान बघतो आणि चालू किंवा बंद होतो, बस्स. सरासरी काढायची तर कॉम्प्रेसरची कितीतरी आवर्तनं मोजायला हवी होती. माझ्याकडे उजाडेपर्यंतचा वेळ होता.

गाइडना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मॉड्यूल गेलंय हे साइटच्या अलार्ममध्ये दिसत नव्हतं?" दिसत होतं. माझ्याच लॅपटॉपवर, दुसऱ्या खिडकीत. मी ती उघडलीच नव्हती, कारण रेडिओशी त्याचा काय संबंध, असं मला वाटलं होतं.

त्या रात्रीच्या नोंदी मी प्रबंधातून काढल्या नाहीत. गाइडना त्या परिशिष्टात हव्या होत्या, मी हट्टाने मुख्य प्रकरणात ठेवल्या. नोंदतक्त्यात दोन रकाने वाढले, बॅटरीचा प्रवाह आणि कॉम्प्रेसर. पहिल्या पानावर ते दादांच्या अक्षरात आहेत, कारण माझ्या पेनाची शाई संपली होती. आता नव्या साइटवर निघण्याआधी तिथे फोन करते, तेव्हा रेडिओचं काही विचारायच्या आधी तोंडातून निघतं, "संध्याकाळी लाइट गेली होती का हो?"